एक गरम

३ नोव्हेंबर

चि. पानाबाईस,

एका वाडग्याची खरी किंमत काय पडली ते आधी सांगतो. एक दाढ, एक छत्री, हजेरीच्या वहीत उशिराची एक फुली आणि फोरमनला मारलेली एक थाप.

दाढ कॅन्टीनच्या पावानं नेली. पाव कसला, इमारतीच्या पायात भरायचा दगड. अर्धी दाढ खिशात घालून मऊ काहीतरी शोधत निघालो, तर आमच्या शीतगृहाच्या मागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या समोर, वाफेनं पांढरी झालेली काच दिसली. आत गेलो. सात-आठ बाकं, वीसेक माणसं, कोणी कोणाशी बोलत नाही, नुसते चमचे वाजताहेत. शेजारी एक टपालवाला बसला होता. त्याला म्हटलं, "काय मिळतं इथे?"

"गरम मिळतं."

"आणि दुसरं?"

"दुसरंही गरमच. पहिलं संपल्यावर."

त्या पदार्थाला याहून वेगळं नावच नाही. भरडलेलं धान्य, काळा होईस्तोवर भाजलेला कांदा, कसलंसं वाळवलेलं आंबट फळ, आणि वाढताना वरून एक पळी कढत तूप. दिसायला गिलावा. तुझी आई गेल्यापासून माझ्या पोटात एक थंड भांडं पालथं पडलं होतं, ते पहिल्या घासाला सरळ झालं. मी डोळे मिटले. उघडले तर वाडगा रिकामा, आणि टपालवाला गालातल्या गालात हसत होता.

छत्री तिथेच विसरलो. दुसऱ्या दिवशी ती आणायला म्हणून भर कामाच्या वेळेत गेलो. छत्री नव्हती, गरम होतं. फुली त्याची. दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, ही थाप.

आता तू म्हणशील, दोन वर्षांनी पत्र आलं आणि त्यात खाण्याचं वर्णन! अठ्ठावन्नाव्या वर्षी चालतं वर्कशॉप दुसऱ्याच्या हाती देऊन हा माणूस घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर कॉम्प्रेसर सांभाळायला का आला, असंही विचारशील. काम आवडलं म्हणून आलो. तू लिफ्ट दुरुस्त करतेस ते शहर इथून गाडीनं दोन तासांवर आहे, हे मला इथे आल्यावर कळलं.

काम मस्त आहे. हॉलमध्ये सहा धुडं आहेत. पहिल्याच दिवशी दोन इंजिनियर मीटर लावून डोकं धरून बसले होते. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावलं, मूठ कानापुढच्या हाडाला लावली आणि सांगितलं, "चार नंबर. आतलं बेअरिंग. पंधरा दिवस काढेल." तेराव्या दिवशी गेलं. तेव्हापासून मला इथे 'कानवाले' म्हणतात. शिक्षण सातवी आणि मान इंजिनियरचा.

तर मुद्दा. गुरुवारी मला सुट्टी असते. पाच ते आठ मी त्या दुकानात असतो. इतर दिवशीही कामावरून सुटलो की तिथेच. कधीही ये. माफी मागायची नाही, तूही नाही, मीही नाही. ते आपल्या घरात कोणाला जमलेलं नाही. दारात उभी राहा आणि हाक मार. एक हाक पुरे. माझी पाठ असो, वीस जण चमचे वाजवत असोत, मी वळेन. सहा मोटारी टेस्टिंगला लावलेल्या असायच्या आणि तू अंगणातून 'बाबा' म्हटलंस की मी वळायचो, आठवतं ना? तोच कान आहे हा. आणि वळलो नाही, तर खुशाल समज की म्हाताऱ्याचा राग गेलेला नाही, आणि आल्या पावली परत जा.

दहाचा पाना तुझ्याकडेच असेल. सेटमध्ये ती जागा रिकामी आहे. राहू दे, मी काही मागत नाही.

तुझा बाप

२० नोव्हेंबर

चि. पानाबाईस,

परवा लॉजवर तू फोन केलास म्हणे. मालकिणीनं दंडाला धरून मला काउंटरपाशी नेलं. लाईन इतकी खराब की मधमाश्यांचं पोळं कानाला लावल्यासारखं वाटलं. मी "कोण? कोण बोलतंय?" असं तीनदा विचारलं आणि ठेवून दिला. मग मालकीण म्हणाली, "अहो, मुलगी होती तुमची! रडत होती ती!" मालकिणीला तिखटमीठ लावायची खोड आहे. रडत होतीस का तू? तू रडणारी नाहीस. बोटावर मोटार पडली होती तेव्हाही तू मोटारीलाच शिव्या दिल्या होत्यास.

पुन्हा फोन करू नकोस, इथली लाईन बेभरवशाची. पत्र लिही. नाहीतर सरळ ये.

दुकानाच्या बाईची ओळख करून देतो. वय माझ्याएवढंच असेल. बोलणं चुन्यासारखं, थोडं पण लागणारं. मी पहिल्यांदा "वा, काय चव आहे!" म्हटलं तर म्हणाली, "चव नाही, भूक आहे." पण ती माझ्याच धंद्यातली निघाली. गरम शिजताना पातेल्यात काही दिसत नाही, सगळी वाफ. ती पाठ करून कांदे चिरते आणि कानानं शिजवते. आधी खळखळ, मग गुटगुट, आणि दाट झालं की एकेक बुडबुडा सुटा फुटतो, भद्, भद्. दोन बुडबुड्यांच्या मध्ये चार आकडे मोजून झाले की उतरवायचं. थोडं आधी उतरवलं तर पाणी, थोडं उशिरा तर तळ लागला. आणि कांदा चिरायच्या गडबडीत तिचं लक्ष चुकू नये म्हणून पातेल्याजवळच्या बाकावर जो बसेल त्यानं कान ठेवायचा आणि "उतरव!" म्हणून ओरडायचं, असा दुकानाचा रिवाज.

मी तिला म्हटलं, "बाई, मी शेवटच्या बाकावरून सांगेन."

"सांगाल. आधी वाडगा संपवा."

दोन गुरुवार झाले. मी दाराकडे तोंड करून बसतो. दिसावं म्हणून नाही. तिथे उजेड बरा आहे.

तुझा बाप

११ डिसेंबर

चि. पानाबाईस,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनंतर तुझं अक्षर पाहिलं. एकच ओळ: 'लाईन माझ्या बाजूनं चांगली होती.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तू समजतेस तसं नाही. मी फोन मुद्दाम ठेवला नाही. माझ्या बाजूनं खरंच खरखर होती. मी त्या दिवशी, आईच्या तेराव्याला, सगळ्यांसमोर बोललो होतो की तुझा आवाज पुन्हा माझ्या कानावर पडता कामा नये. बोललो होतो, नाही म्हणत नाही. पण ते धरून बसलो आहे असं नाही. तूही काही कमी बोलली नव्हतीस. "बाबा, तुम्हाला मशीनचं दुखणं ऐकू येतं. आईचं कसं आलं नाही?" असं म्हणालीस. त्यावर माणूस काय उत्तर देणार? आरडाओरडा करणार.

असो. इथे थंडी फार. सर्दीनं उजव्या कानात जरा दडा बसलाय, डाव्याचा तर आधीपासूनच काही भरवसा नाही. जाईल.

गेल्या सोमवारी दुकानात एक फजिती झाली. मी पातेल्याजवळच्या बाकावर बसलो होतो. टपालवाल्याला चार नंबरच्या बेअरिंगची गोष्ट सांगत होतो, रंगात आलो होतो. एकदम जळका वास आला. मागे पाहतो तर पातेल्यातून काळा धूर. बाईनं फडक्यानं पातेलं उचललं, आतलं सगळं कोळसा. वीस माणसं उपाशी उठली. दिवसभर गार हवेत राबलेली माणसं. एक हमाल जाताना म्हणाला, "कानवाले, कान घरी ठेवून आलात काय?" सगळे हसले. मीही हसलो. सर्वांत मोठ्यानं.

बाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

गप्पांत लक्ष गेलं होतं, दुसरं काही नाही. तू येच.

तुझा बाप

४ जानेवारी

पानाबाई,

आज दुकान बंद व्हायच्या वेळी बाईनं मला थांबवलं. समोर बसली, तोंड उजेडाकडे केलं आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, "काय कधीपासून?"

"मी मघाशी तुमच्या मागे उभी राहून विचारलं होतं, पैसे आज देणार की उद्या. दोनदा विचारलं. तुम्ही खात होतात."

मी चिडलो. म्हटलं, माणूस जेवताना जेवेल की मागे बघेल? ती म्हणाली, "माझा नवरा तुमच्याच हॉलमध्ये अकरा वर्षं होता. तोही असाच चिडायचा. तोही सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बोलायचा. तोही फोनला घाबरायचा." मग उठली, पातेलं परत चुलीवर ठेवलं, पाणी आणि मूठभर भरड टाकली आणि तिची लांब लाकडी पळी माझ्या हातात दिली. "टोक तळाला टेकवा. दांडा इथे." माझं डोकं धरून तिनं तो दांडा माझ्या कानापुढच्या हाडाला लावला. आईनं धरावं तसं.

भद्. एक, दोन, तीन. भद्.

मी रडलो, पानाबाई. खोटं कशाला सांगू. दोन महिन्यांत मला इतकं स्पष्ट काही ऐकू आलं नव्हतं.

डावा गेला त्याला दोन वर्षं होत आली. उजवा या दिवाळीनंतर जायला लागला, आणि आता माणसांचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे येतात, ते येतात तेव्हा. मशीनचं चालतं, कारण स्क्रूड्रायव्हर हाडाला लावला की हाडातून येतं. फोरमनला कळलं तर मी त्या दिवशी घरी. माझ्याजवळ विकायला कान सोडून काय होतं गं? हात तर सगळ्यांनाच असतात.

आणि तू तेराव्याला विचारलंस त्याचं उत्तर. मला ऐकू आलं होतं. तुझ्या आईच्या श्वासात, ती आजारी पडायच्या महिनाभर आधी, सुकलेल्या बेअरिंगसारखी बारीक घरघर होती. कुशीवर वळली की यायची. एखाद्या मोटारीत ती ऐकली असती तर मी मोटार तिथेच बंद केली असती. तिला म्हटलं, थंडी बाधली असेल, काढा घे. हातात मोठं काम होतं. मला ऐकू आलं नाही असं तू म्हणालीस, ते मी गिळलं, कारण खरं त्याहून वाईट होतं.

हे टाकणार नाही. हे वाचून तू येशील, पण कीव येऊन येशील. मला तू हाक मारून यायला हवी आहेस. पत्र गादीखाली ठेवतो.

४ जानेवारी

चि. पानाबाईस,

सर्व ठीक. थंडी आहे, पण अंगात दम आहे. बाईनं मला आता पातेल्यावर बसायची बढती दिली आहे. ती पाणी आणायला मागे गेली की कारभार माझ्याकडे. दर गुरुवारी वाट बघतो. अट तीच. दारातून एक हाक.

तुझा बाप

२४ जानेवारी

पानाबाई,

पाकीट फोडशील की नाही याचा भरवसा नाही, म्हणून बाहेर, पत्त्याच्या वरच, मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'बाबांना ऐकू येत नाही.' पाकीट आधी लिहिलं, पत्र नंतर. टपालवाल्यानं ते वाचलं. तेव्हापासून माझ्याशी ओरडून बोलतो. त्याचं ओरडणं फोरमनपर्यंत पोचायला फार तर शनिवार. पोचू दे.

यात ४ जानेवारीलाच लिहिलेलं आणखी एक पत्र आहे, जे टाकलं नव्हतं. ते आधी वाच. मग हे.

काल मंगळवार होता. गुरुवारी मी दाराकडे तोंड करून बसतो, मंगळवारी कशाला बसेन? बाई पाणी आणायला मागे गेली होती. तिनं पळी माझ्या हातात दिली होती. मी दाराकडे पाठ करून चुलीपुढे उभा, पळीचं टोक तळाला, दांडा हाडाला, डोळे मिटलेले. त्या पळीतून मला सगळं ऐकू येत होतं. आंबट फळ फुटतं तो आवाजसुद्धा. मी तीन मोजले, चार मोजले आणि ओरडलो, "उतरव!" स्वतःच उतरवलं. तळ लागला नव्हता. मी हसत मागे वळलो, शाबासकी मिळेल म्हणून.

सगळे माझ्याकडे बघत होते. चमचे थांबले होते. दाराजवळच्या बाकावर दहाचा पाना ठेवलेला होता.

मी तो उचलला. मुठीला अजून तू गुंडाळलेली लाल टेप आहे. मी टपालवाल्याला विचारलं, कोण आलं होतं? त्याचं तोंड हललं, मला कळेना. मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. शेवटी त्यानं गिऱ्हाइकाच्या पावतीमागे लिहून दिलं. निळ्या कोटातली एक बाई, हातात पिशवी. दारातून 'बाबा' म्हणाली. त्याला वाटलं, कुणाला म्हणते आहे? इथल्या निम्म्या लोकांना बाबा म्हणता येईल. मग तुम्ही 'उतरव' म्हणालात, तिनं बाकावर पाना ठेवला आणि गेली.

मी पळालो. स्टेशनपर्यंत पळालो, पानाबाई, या वयात, एप्रनवर, पाना हातात घेऊन. लोक बाजूला होत होते. हा कुणाला मारायला निघालाय असं त्यांना वाटलं असणार. सहाची गाडी गेली होती. फलाटावर एक झाडूवाला होता. त्याला मी विचारत राहिलो, निळा कोट, निळा कोट, आणि तो काय सांगतोय ते मला कळत नव्हतं.

मी तुझ्याकडे आजच निघू शकलो असतो. पत्ता आहे, गाडी आहे. पण तू दार उघडून "चालते व्हा" म्हणालीस तर तेही मला ऐकू येणार नाही, मी आपला उंबऱ्यात हसत उभा राहीन. ते तुला बघवणार नाही आणि तू जास्तच चिडशील. म्हणून आधी हे कागद.

अट मी घातली होती. तू ती पाळलीस. मी ४ तारखेला ती मागे घेऊ शकलो असतो; एका ओळीचं काम होतं. ती ओळ लिहिली असती तर कारण लिहावं लागलं असतं.

बाईनं काल मला बसवलं आणि माझ्यापुढे वाडगा ठेवला. पहिल्यांदाच मी तिच्या हातचं बाजूला सारलं. ती समोर बसून राहिली. मग माझ्याकडे तोंड करून, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, "लिहा. सगळं लिहा. माझ्या नवऱ्यानं लिहिलं नाही. माझी दोन मुलं आहेत, कुठे आहेत ते मला ठाऊक नाही."

तुझ्याकडे मागणं एकच. फोन नको. आलीस तर दारातून हाक मारू नकोस, आत ये आणि माझ्या पाठीवर हात ठेव. आणि यायचं नसेल तर तसं लिही. वाचता मला अजून चांगलं येतं. पाना मी सेटमध्ये ठेवलेला नाही. ती जागा रिकामीच ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी समोरच्या शिंप्याकडे गेलो, तू कुठल्या बाजूला गेलीस ते विचारायला. त्यानं खडूनं कापडावर लिहून सांगितलं. तू तीन हाका मारल्यास. तिसरी ऐकून तो मशीन थांबवून रस्त्यावर आला होता.

मी दारापासून चुलीपर्यंत चालून पाहिलं. पाच पावलं आहेत.